कडेला बघ, मग गाणं लाव

भाच्या, डीजेचा कंट्रोलर घेतलास ते बरं केलंस. आता हप्ते फेडायला सुपाऱ्या लागतील आणि सुपाऱ्या मिळायला नाव लागेल, म्हणून चार गोष्टी सांगतो. यूट्यूबवर शिकवणारे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या कुणी सोलापुरात बाळीवेशीतून वरात काढून बघितलेली नाही.

दोन गाण्यांचे ठोके जुळवायला तुझ्या मशीनवर ‘सिंक’चं बटण आहे. दाबलं की जुळले. हाताची बाकी कसरत रोज तास-दोन तास बसलास की ओघानं येईल. डोकं लावायचं ते एकाच गोष्टीला : आत्ता वाजतंय ते संपलं की काय लावायचं? न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो नावाचा माणूस १९७० पासून आपल्या राहत्या जागेत नाचाच्या पार्ट्या करायचा, ‘द लॉफ्ट’ म्हणून त्या जगभर गाजल्या. पुढे पुढे त्यानं मिक्सिंग सोडूनच दिलं. रेकॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजू द्यायची, संपली की दुसरी. तरी माणसं पहाटेपर्यंत नाचायची, कारण दुसरी कुठली लावायची हे त्याला कळायचं.

आम्ही तर एकाच प्लेअरवर धंदा केला. अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे आणि तव्यांची, म्हणजे रेकॉर्डींची, पत्र्याची पेटी एवढा संसार, तोही सायकलवर. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तव्याची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात पुढचा तवा पेटीतून काढून, पुसून, मांडीवर तयार लागायचा. दोन तव्यांच्या मधे शांतता असायची, त्यामुळे निवड फसली की अख्ख्या मांडवाला कळायचं. त्या तालमीत माझ्या उस्तादांनी दिलेले आणि पुढे माझे मला सापडलेले कानमंत्र तुला देतो.

पहिला : मधोमध नाचणाऱ्याकडे बघू नको

हळदीच्या मांडवात मधोमध सात-आठ पोरं असतात. नवरदेवाचे मित्र, गल्लीतले, कामावरचे. त्यांना तू जनरेटरचा आवाज लावून दिलास तरी ती नाचतील. त्यांच्या तोंडाकडे बघून गाणी लावणारा डीजे तासा-दीड तासात उघडा पडतो. पोरं दमतात, जेवायला जातात, नाहीतर गाडीमागं ‘बसायला’ जातात आणि मांडवात फक्त खुर्च्या राहतात.

तू कडेला बघ. खुर्चीच्या पाठीला धरून उभी असलेली करवली, हातात हळदीचं ताट असलेली आत्या, लेकरू कडेवर घेतलेली वहिनी, खांबाला टेकलेले काका. पुढचं गाणं यांच्याकडून ठरतं. आधी ओठ बघ. ओठ हलतायत त्याला शब्द पाठ आहेत, म्हणजे ते गाणं त्याच्या वयाचं आहे. मग पाय बघ. बाईमाणूस लाजून हात हलवत नाही, पण चपलेतला अंगठा ठेका धरतो. मग मान बघ. शेजारणीकडे बघून ती हसली की तिला उठायचंय, फक्त कुणीतरी हाताला धरून ओढायला पाहिजे. दोघी-तिघींत एकदम असं दिसलं की पुढचं गाणं त्यांचं. त्या आत आल्या की मधली पोरं आपण होऊन बाजूला सरकतात, तेवढी रीत आपल्याकडं अजून आहे.

गाणं पडल्याच्या खुणाही कडेलाच आधी दिसतात. मोठा गोल मोडून तीन-चारांचे छोटे गोल झाले आणि माणसं एकमेकांच्या कानाशी बोलायला लागली, की समज. नाचणारा वळून वळून तुझ्याकडं बघतोय, म्हणजे तो पुढच्या गाण्याची वाट बघतोय. काका घड्याळ बघतायत, म्हणजे गाणं लांबलंय.

हे काही मी एकटा सांगत नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाचा पोरगा बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवत होता. त्याच्या एक गोष्ट लक्षात आलेली : काही जण अख्खं गाणं कडेला उभे राहतात आणि मधला नुसत्या ढोल-ड्रमचा तुकडा आला की आत घुसतात. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी दोन प्लेअरवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायला लागला. हिप-हॉपचा सगळा पसारा तिथून सुरू झाला असं मानतात. मूळ काय, तर माणूस कडेच्या पायांकडं बघत होता.

दुसरा : हातात कायम दोन गाणी

गाणं चार मिनिटांचं धर. पहिलं अर्धं मिनिट मशीनला हात लावू नको, मान वर ठेव. लावलेलं गाणं लागू पडलं का, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, एवढंच बघ. त्यानंतर दोन गाणी काढ : एक चढवणारं, एक निववणारं. दुसरा अंतरा सुरू होईपर्यंत निर्णय घेऊ नको, कारण तेवढ्यात मांडवाचा रंग बदलतो. नवरी येऊन बसते, लाईट जातात, मामा पंगतीतून परत येतात. शेवटच्या मिनिटात ठरलेलं गाणं दुसऱ्या बाजूला घे, हेडफोनवर सुरुवात ऐक आणि सोड.

लॅपटॉपमध्ये डोकं घालून शोधत बसलास की चार मिनिटं तिथंच जातात. म्हणून शोधायचं काम आधीचं, बघायचं काम आत्ताचं.

हल्ली पोरं पन्नास सेकंदांत गाणं तोडतात, रीलची सवय. चालतं, पण एक पथ्य पाळ : माणसं गात असताना गाणं तोडायचं नाही. मुखडा परत आला, सगळ्यांनी तो एकदा गळा काढून म्हटला, की मग खुशाल बदल.

तिसरा : पेटी घरी भरायची

उस्तादांच्या पेटीत तव्यांच्या पाकिटांवर रंगीत कागद चिकटवलेले असायचे. गायकाप्रमाणे नाही, संगीतकाराप्रमाणे नाही, कामाप्रमाणे. पिवळा हळदीचा, लाल वरातीचा, पांढरा देवाचा, हिरवा जेवणावळीचा. अंधारातसुद्धा हात बरोबर पडायचा.

तूही फोल्डर तसेच कर. ‘अरिजित’, ‘बादशाह’ असले फोल्डर मांडवात उपयोगाचे नाहीत. ‘बायका उठतील’, ‘म्हातारी माणसं’, ‘लहान पोरं’, ‘दम खाऊ दे’, ‘नवरदेव येताना’, ‘तेलुगू’, ‘कन्नड’, ‘वरात चौकात’, ‘वरात बोळात’ असे कर. पेनड्राइव्हमध्ये दहा हजार गाणी असल्याची फुशारकी मारू नको. तीनशे असू देत, पण पूर्ण ऐकलेली. आणि त्या फायलींची नावं बदल बे. ‘न्यू फायनल मिक्स दोन’ यावरून रात्री नऊ वाजता कुणाला काय कळणार?

पूर्ण ऐकायचं म्हणजे शब्दांसकट. ठेका नाचरा आणि तिसऱ्या अंतऱ्यात ताटातूट, अशी गाणी खंडीभर आहेत. हळदीत ते कुणाच्या तरी आईच्या कानावर पडतं आणि ती गप्प होते. प्रत्येक गाण्याची दोन ठिकाणं लिहून ठेव : ओळख पटते ती जागा आणि उचल येते ती जागा. काही गाणी पहिल्या दोन ठोक्यांत ओळखू येतात, काहींना वीस सेकंद नुसतं वाद्यांचं प्रास्ताविक असतं. मांडव गार पडलेला असताना दुसऱ्या जातीचं गाणं लावलंस तर त्या वीस सेकंदांत चार माणसं चहाला जातात.

चौथा : घर कुणाचं ते विचारून घे

सोलापुरात हा मंत्र सगळ्यात मोठा. पूर्व भागात पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूचे पाहुणे कन्नडमध्ये भांडतात आणि कन्नडमध्येच हसतात, बार्शी-करमाळ्याकडचे मराठी, विजापूर वेशीकडं दखनी. एकाच लग्नात हे सगळे एका मांडवात येतात. पुण्याच्या डीजेला जी यादी पुरते ती इथं अर्ध्या रात्रीत संपते.

यंत्रमागाच्या कारखान्याला लागून मांडव घातलेली एक हळद सांगतो. मधे पोरं हिंदी-मराठीवर नाचत होती, ठीक चाललं होतं. भिंतीला लावून खुर्च्यांवर घरातल्या म्हाताऱ्या बसलेल्या. त्यातल्या एकीचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, बोटं बघूनच कळत होतं, बसल्या जागीही अंगठा तर्जनीवर फिरत होता. गाण्याशी त्या बोटांचा काही संबंध नव्हता. मी एन. टी. रामाराव यांच्या जमान्यातलं एक जुनं तेलुगू गाणं लावलं. पोरं थबकली. म्हातारीचा अंगठा थांबला, मग तळहात खुर्चीच्या दांड्यावर पडायला लागला, ठेक्यात. ती उठली नाही, पण तिच्याकडं बघून दोन्ही सुना उठल्या, सुनांमागं जावा उठल्या, आणि मधल्या पोरांनी टाळ्या धरल्या. त्याच्यामागं लगेच ‘आरआरआर’मधलं ‘नाटू नाटू’ सोडलं. कीरवाणींचं ते गाणं ऑस्कर घेऊन आलेलं, मराठी पोरांनाही पायांसकट पाठ. म्हातारीपासून नातवापर्यंत सगळे एका गोलात आले. जुनं गाणं नसतं लावलं, तर ‘नाटू नाटू’वर नेहमीची पोरंच नाचली असती.

पण घरच्या भाषेतली पाच गाणी ओळीनं लावू नको, दुसऱ्या बाजूचे पाहुणे कोरडे राहतात. लवकर एक लाव, तो मान झाला. मग सगळ्यांचं एक, मग परत त्यांचं. कन्नड पाहुण्यांसाठी ‘टगरू’सारखं गाणं ठेव. ते ऐकून अर्थ न कळणारेही उठतात.

सुपारी घेताना तीन प्रश्न विचार. घरात कुठली भाषा? पाहुणे कुठल्या गावचे? नवरदेवाच्या आई-वडिलांचं लग्न कुठल्या साली झालं? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. हसू देत. माणसाच्या अंगात मुरतात ती पंधराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी. साल कळलं की आत्या, मावश्या, काका कशावर उठणार ते निम्मं कळलं.

पाचवा : पाय अडखळू देऊ नको

आता थोडं हिशेबाचं. नाचाची बहुतेक गाणी चारच्या मोजणीत चालतात. चार ठोक्यांचं एक घर, आठ घरांचं एक वाक्य, म्हणजे ३२ ठोके. नवं गाणं वाक्याच्या सुरुवातीला सोड. मधेच सोडलंस तर नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण पाऊल चुकतं आणि तो थांबतो.

गतीत मिनिटाला तीन-चार ठोक्यांचा, म्हणजे बीपीएमचा, फरक कुणाला जाणवत नाही. मोठी उडी मारायची असेल तर दुपटीचा रस्ता धर : ७० चं गाणं आणि १४० चं गाणं एकाच पावलावर नाचता येतं.

खरी मेख तालाची. चारच्या मोजणीतल्या केरव्यावरून सहाच्या दादऱ्यावर आलास की पाय बदलतो. आपली कोळीगीतं, कितीतरी लोकगीतं सहाच्या झोक्यात चालतात. चारच्या गाण्यावर सहाचं गाणं चढवू नको, ‘सिंक’चं बटण तिथं काही कामाचं नाही. मधे जागा कर. नुसती हलगी चार वाक्यं वाजू दे, किंवा माइक घेऊन बाप्पाचा गजर कर. लोक जोरात ओरडतात, पाय मोकळे होतात, मग नवा ताल सुरू कर. गणपतीत आणि वरातीत हा पूल कधी मोडत नाही.

सुराचंही तसंच. तुझं सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यापुढं आकडा आणि अक्षर दाखवतं, ८बी, ९बी, ८ए असं. ते पाठ करू नको, समजून घे. बँडवाले म्हणतात ना, पांढरी एक, पांढरी पाच, तेच आहे ते. ८बी म्हणजे पांढरी एक, ९बी म्हणजे पांढरी पाच. दुसऱ्याचा सा पहिल्याच्या पंचमावर. शेजारचे आकडे म्हणजे सा-पचं नातं, म्हणून ती गाणी एकमेकांत मिसळली तरी कानाला टोचत नाहीत. आणि सूर जागच्या जागी धरणारं की-लॉक बंद ठेवून गती सहा टक्क्यांनी वाढवलीस तर गाणं अर्ध्या सुरानं वर चढतं, म्हणजे जुळवलेला आकडा गेला. पण एक सांगतो, सूर जुळतो म्हणून गाणं निवडायचं नसतं. आधी माणसांना पाहिजे ते गाणं, सुराचं मागून बघायचं. जुळत नसेल तर वर सांगितलेली हलगी आहेच की.

सहावा : सरताज आधी देऊ नको

१९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आमच्या पिढीला गाण्यांचा क्रम लावायला तिनं शिकवलं. एकेक पायदान वर चढत जायचं आणि सरताज गाणं सगळ्यात शेवटी. ते कुठलं असणार हे ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक असायचं, तरी तो शेवटपर्यंत रेडिओ सोडायचा नाही.

‘झिंगाट’ आपल्या जिल्ह्याचं गाणं. ‘सैराट’ करणारे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. २०१६ पासून ते लागलं की अजूनही मांडव उठतो. म्हणून नवखा डीजे ते आठ वाजताच लावतो. मग नऊ वाजता काय लावणार? हुकमी गाणी चार-पाचच असतात. ओठ हलतायत, अंगठे हलतायत, पण कुणी आत येत नाही, अशा अडलेल्या वेळेसाठी ती राखून ठेव. आनंद शिंदे यांचा आवाजही तसाच हुकमी. बाप प्रल्हाद शिंदे, घर मंगळवेढ्याचं, म्हणून आपल्या भागात तो आवाज लागला की ‘आपला माणूस’ म्हणून लोक उठतात.

दोन चढती, एक निवती, असा ढोबळ हिशेब ठेव. निवतं म्हणजे रडकं नव्हे. गाता येईल, टाळ्या वाजवता येतील, पण उड्या माराव्या लागणार नाहीत असं. सोलापुरात लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा बेचाळीसच्या वर, रात्रीही जमीन भाजते. सलग सहा उडत्या चालीची गाणी लावलीस तर कुणीतरी चक्कर येऊन पडेल. निवत्या गाण्यात माणसं पाणी पितात, आणि नेमकी त्याच वेळी कडेची माणसं पुढं सरकतात, कारण मधे जागा झालेली असते. ते गाणं वाया गेलं असं समजू नको.

मिरवणुकीत वेगळं. तिथं तू चालतोयस आणि कडेची माणसं दर पन्नास पावलांना बदलतायत. म्हणून दर चौकात गाणं नवं लागत नाही. एकच गाणं मधल्या मारुतीला आणि पुढं टिळक चौकात लावलंस तर बघणारे दुसरेच असतात. बोळात आवाज भिंतींवर आपटतो, तिथं बोल स्पष्ट असलेलं, बेस कमी असलेलं गाणं घे. चौक मोकळा, तिथं उचल दे. पुढं लेझीमवाले असतील तर त्यांचा डाव रंगात आलेला असताना आपला आवाजाचा फेडर खाली. गणपतीच्या मिरवणुकीत सोलापूरची ओळख लेझीम आहे. हलगी आणि घुंगरकाठीच्या आवाजावर तू गाणं चढवलंस, तर लोक तुझ्याकडं वळतील खरे, पण नावं ठेवायला.

सातवा : फर्माईश ऐक, माणूस ओळख

चिठ्ठ्या येणार. दहाच्या नोटेवर लिहिलेल्या, मोबाइलवर टाइप करून नाकापुढं धरलेल्या. प्रत्येकाला ‘लावतो की’ म्हण, ‘नाही’ म्हणू नको. पण कधी लावायचं ते तू ठरव. चिठ्ठी देणारा बहुतेक वेळा गाणं मागत नसतो, आपल्याकडं लक्ष मागत असतो. त्याच्याच काळातलं, त्याच चालीचं दुसरं गाणं लागलं तरी खूश होतो.

तिघांची फर्माईश मात्र लगेच : नवरीची, मामांची, आणि ज्यानं इसार दिलाय त्याची. नवरी स्वतः कधी येत नाही, मैत्रिणीला पाठवते. मैत्रीण लाजत लाजत आली की समजून जा.

आणि एक फर्माईश कधीच नाही. अमुकच्या दारात आलो की अमुक गाणं लाव, असं कुणी कानात सांगितलं की हात जोड. जयंती कुणाचीही असो, वरात कुणाचीही असो, समोरच्याला डिवचायला लावलेलं गाणं तुझ्या नावावर जमा होतं. सांगणारा रात्री घरी जाऊन झोपतो, दुसऱ्या दिवशी चौकीत तू बसतोस आणि गाडीही जप्त तुझीच. वेळ मारून न्यायला उस्तादांकडं एक इलाज होता : असं कुणी सांगितलं की ते देवाचं गाणं लावायचे. देवाचं गाणं बंद कर, असं म्हणायची छाती कुणाची होत नाही.

आठवा : कधी कधी पुढचं गाणं लावायचंच नाही

कडेला बघायचं म्हणजे मांडवाच्या कडेपुरतं नाही. रस्त्याच्या कडेला घरं आहेत, घरात आजारी माणसं आहेत, परीक्षेची पोरं आहेत, पाळण्यात लेकरं आहेत. पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं की तुला वाटतं बेस भारी लागलाय. आतल्या म्हातारीला वाटतं छप्पर पडतंय.

कायदाही पाठ कर. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, कुठले ते जाहीर होतं, बघून ठेव. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं दिवसाही ५०. चार बेस चार टॉप लावून तू हे आकडे केव्हाच ओलांडलेले असतात, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. सोलापुरात डीजेमुक्त मिरवणुकीची मागणी उगीच उठलेली नाही. धंदा टिकवायचा असेल तर स्पीकरची भिंत लहान कर आणि निवड मोठी कर. गाणं बरोबर असलं की दोन बेसवरही मांडव नाचतो. निवड जमली नाही की माणूस आवाज वाढवतो.

काही जागी तर फेडर पूर्ण खाली. अजान चालू आहे, समोरून अंत्ययात्रा आली, अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला, सिव्हिल हॉस्पिटलची भिंत लागली. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज रस्त्यावर असतील तर आपलं मशीन गाडीतच बरं. अशा वेळी कुणी ‘बंद का केलं बे’ म्हणून ओरडलाच, तर त्याच्याकडं बघू नको. कडेचे लोक मान हलवत असतात, आणि पुढची सुपारी त्यांच्यातलाच कुणीतरी देतो.

शेवटचं गाणं कुठलं, हे तर सुरुवातीलाच ठरलेलं पाहिजे. दहाला बंद करायचं तर पावणेदहाला ‘शेवटची दोन’ असं माइकवर सांग. पहिलं सगळ्यात उडतं, दुसरं सगळ्यांना येणारं, सावकाश, आजी-आजोबांनाही उभं राहून टाळ्या वाजवता येतील असं. ‘वन्स मोअर’ आला की हात जोडून हसायचं आणि वायरी गुंडाळायला घ्यायच्या. लोकांची आणखी एका गाण्याची भूक राहिली पाहिजे. पोट भरून उठलेला माणूस तुझा नंबर मागत नाही.

येत्या शनिवारची हळद तू घेतलीयस ना? मग आज मशीनला हात लावू नको. त्या घरी जा, चहा घे, तीन प्रश्न विचार, गल्लीत दवाखाना कुठं आहे ते चालत बघून ये, आणि वीस गाण्यांची यादी करून मला दाखव. त्यातली बारा तू लावशील, आठ तशीच राहतील. कुठली आठ राहिली आणि का राहिली, ते रविवारी सकाळी सांगायला ये.